शुश्रूषा घरच्या घरी : वाचकांचे प्रश्न

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्यांची पत्रं या वेळी जास्त आली. ती वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. त्रास वाढवणाऱ्या बऱ्याच गोष्टी मायेपोटीच केल्या जातात. लाल झालं म्हणून चोळलं जातं, खात नाहीत म्हणून घाईने भरवलं जातं, उठता येत नाही म्हणून हाताला धरून ओढलं जातं. म्हणून काय करायचं हे सांगताना तसं का होतं तेही सांगितलं आहे. औषध सुरू किंवा बंद करायचं ते मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : खुब्याचं हाड मोडल्यामुळे यजमानांचं (वय ७६) ऑपरेशन झालं. पाच आठवडे झाले, अजून बराच वेळ पलंगावरच असतात. परवा अंग पुसताना माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. मी रोज स्पिरिट लावून पाठ चोळते, वर पावडर टाकते. शेजाऱ्यांनी रबरी रिंग आणून दिली आहे. एअर बेडही घेतला, तरी डाग का पडला? — एक वाचक, सांगली

उत्तर : चोळणं आजपासून बंद करा. लाल झालेल्या जागी आतलं मांस आधीच दुखावलेलं असतं. चोळल्याने कातडीचे थर एकमेकांवरून सरकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुटतात. स्पिरिटने कातडी कोरडी पडून तडकते. पावडर घामात भिजली की तिच्या गुठळ्या होतात आणि त्या कातडीला घासत राहतात. रिंगही परत द्या. मधल्या जागेवरचा भार ती काढते खरी, पण तो सगळा कडेच्या गोलावर येतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठाच आवळला जातो.

बेडसोर होतो तो दाबामुळे. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चिमटली जाते, तिथलं रक्त थांबतं, आणि असं दोन-तीन तास राहिलं तरी इजा सुरू होऊ शकते. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, खांदे, कोपरं आणि डोक्याची मागची बाजू या हाडांवर मांस कमी, म्हणून डाग तिथेच पडतात. या जागा दिवसातून दोनदा उजेडात बघायच्या. एकदा सकाळी अंग पुसताना, एकदा रात्री झोपवताना.

डागावर बोट तीन सेकंद दाबून धरा आणि उचला. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर तो इशारा आहे. भार काढल्यावर अर्ध्या तासात लाली जायला हवी. बोट दाबूनही लालच राहिली तर बेडसोरची पहिली पायरी सुरू झाली, असं समजा. सावळ्या रंगावर लाली नीट दिसत नाही. तिथे हाताची मागची बाजू लावून बघा. आजूबाजूपेक्षा जागा गरम किंवा कडक लागली, जांभळट दिसली, किंवा हात लावताच ते कळवळले, तर तीही पहिली पायरीच.

आता कूस. डाग माकडहाडावर आहे, त्यामुळे जेवणाची वेळ सोडली तर तूर्त पाठीवर झोपवू नका. दर दोन तासांनी कूस बदला. मात्र पूर्ण आडवं, कुशीवर काटकोनात नको, कारण मग सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. ३० अंश पुरे. खांद्यापासून कमरेपर्यंत पाठीमागे एक लांब उशी किंवा लोड सारा आणि त्यांना तिच्यावर रेलू द्या. मग तुमचा हात माकडहाडाखाली घालून बघा. हाड गादीला टेकलेलं लागलं तर उशी थोडी आत सरकवा. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक उशी. टाचांसाठी पोटरीखाली उशी ठेवा, गुडघ्यामागच्या खळगीत नको. टाच आणि गादी यांच्यामधून कागद सहज सरकला पाहिजे. ऑपरेशन झालेल्या बाजूवर झोपवायचं की नाही, हे सर्जनना नेमकं विचारा. खुब्याच्या काही ऑपरेशननंतर पाय एकमेकांवर येऊ न देणं फार महत्त्वाचं असतं, त्यामुळे मधली उशी कधीच विसरू नका.

पलंगाची डोक्याकडची बाजू जेवणाखेरीज ३० अंशांपेक्षा वर ठेवू नका. जास्त उंच केली की माणूस हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून जागच्या जागी राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. माकडहाडावरचे बरेच डाग या घसरण्यातून होतात. वर ओढताना काखेत हात घालून ओढू नका. खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी चादर घडी करून कायम त्यांच्याखाली ठेवा. दोघांनी दोन बाजूंनी ती धरून किंचित उचलायची आणि मग वर सरकवायचं.

एअर बेड असूनही डाग पडला, याची कारणं बहुतेक वेळा घरातच सापडतात. एअर बेड नेहमीच्या गादीवर अंथरायचा आणि त्याच्यावर एकच पातळ सुती चादर, तीही सैल. घरोघरी त्यावर रबरी शीट, अंडरपॅड, तीन पदरी गोधडी आणि डायपर असे थर चढतात. मग खालचे फुगे फुगले-बसले तरी अंगापर्यंत काही पोचत नाही. पंपावरचा दाबाचा खटका वजनाप्रमाणे लावा आणि हाताने खात्री करा. एअर बेड आणि गादी यांच्यामध्ये, बरोबर ढुंगणाखाली तळहात घाला. हात आणि त्यांचं अंग यांच्यामध्ये साधारण इंचभर हवा जाणवली पाहिजे. हाताला हाड लागलं तर हवा कमी आहे. नळी पलंगाच्या कडेत दुमडली असेल, नाहीतर वीज गेल्यावर पंप बंद पडून हवा उतरली असेल. पंप इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्या. आणि एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची सुटका नाही. रात्रीचं अंतर त्यामुळे तीन-चार तासांपर्यंत वाढवता येतं, पण तेही कातडीवर कुठेही डाग नसेल तेव्हाच.

लघवी-शौचाने ओली राहिलेली कातडी फार लवकर फाटते. ओलं झालं की साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडं करा. घासू नका. नंतर झिंक ऑक्साइडचं मलम पातळसर लावा, पण जिथे दाबाचा डाग बघायचा आहे तिथे मलमाचा जाड थर नको, खालचं काही दिसत नाही.

आहारात प्रथिनं वाढवा. अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलो वजनाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, पावशेर दुधात ८, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ आणि घट्ट वरणाच्या वाटीत ६-७ ग्रॅम असतात. नुसत्या पेजेवर आणि चहा-बिस्किटांवर जखम भरत नाही. किडनीचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

कातडी फाटली, फोड आला, काळा पापुद्रा धरला, वास किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. तोवर फक्त सलाइनने धुऊन स्वच्छ ड्रेसिंग ठेवा. हळद, तूप, हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी काहीही त्यात घालू नका.

प्रश्न : वडिलांना (७९) तीन महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. जेवण बरं जातं, पण पाणी आणि चहा पिताना ठसका लागतो. आई चोचीच्या कपाने, मान मागे करून थोडं थोडं पाजते. बरोबर आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : मान मागे नको आणि चोचीचा कपही नको. गिळताना श्वासनलिकेचं तोंड झाकलं जातं. झटक्यानंतर ही हालचाल उशिरा होते. घट्ट घास सावकाश खाली उतरतो, पाणी मात्र झाकण पडायच्या आतच घशात पोचतं. मान मागे केली की श्वासनलिका आणखी उघडी पडते आणि चोचीतून पाण्याची धार थेट घशात जाते.

खुर्चीत ताठ बसवा, पाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले. टीव्ही बंद. भरवणाऱ्याने समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसायचं. उभं राहून भरवलं की ते आपोआप वर बघतात. घास अर्धा चहाचा चमचा, तोंडाच्या डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला. हनुवटी किंचित छातीकडे. हा उपाय बऱ्याच जणांना चालतो, पण सगळ्यांना नाही, म्हणून स्पीच थेरपिस्टकडून पडताळून घ्या. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आलेली दिसली की आवंढा गेला. त्यानंतर एकदा रिकामा आवंढा गिळायला सांगा, मगच पुढचा घास. जेवण झाल्यावर उजव्या गालात बॅटरीचा उजेड टाकून बघा. तिथे भात साठून राहतो आणि त्यांना तो जाणवत नाही. अर्धा तास आडवं करू नका.

कालवलेला मऊ वरणभात, खिचडी, दही, नाचणीचं सत्त्व, मऊ सांजा हे चालतं. पोहे, चुरमुरे, फरसाण, कोरडी भाकरी नको, सुटे कण घशात विखुरतात. घट्ट आणि पातळ एकत्र असलेले पदार्थ सगळ्यांत फसवे. चहात बुडवलेलं बिस्कीट आपल्याला मऊ वाटतं, पण तोंडात चहा आधी सुटून पुढे पळतो आणि लगदा मागे राहतो.

पाणी दाटसर करण्यासाठी औषधाच्या दुकानात थिकनर पावडर मिळते. किती दाट करायचं हे गिळण्याची तपासणी करणारे स्पीच थेरपिस्ट ठरवतात आणि ही तपासणी तुम्ही करून घ्यायलाच हवी. स्टार्चची पावडर किंवा घरची कांजी वापरत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तोंडातला चमचा पुन्हा वाटीत गेला की लाळेमुळे वाटीतलं सगळं हळूहळू पातळ होतं. म्हणून थोडं थोडं वेगळ्या वाटीत काढून घ्या.

ठसका लागला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं नाही. झटक्यानंतर काहींना घशाची जाणीवच कमी होते आणि पाणी गुपचूप फुप्फुसात जातं. जेवल्यावर आवाज ओला, घरघरीत येणं, डोळ्यांत पाणी, धाप, संध्याकाळी बारीक ताप यांवर नजर ठेवा. दिवसातून दोनदा दात, जीभ आणि कवळी घासून द्या. चुकून थोडं फुप्फुसात गेलंच तर त्याबरोबर तोंडातले जंतू जातात आणि न्यूमोनिया होतो. गोळ्या कुटून देत असाल तर आधी केमिस्टला पाकीट दाखवा. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर असलेल्या (म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या) गोळ्या आणि अ‍ॅसिडिटीच्या वरून आवरण असलेल्या गोळ्या कुटायच्या नसतात.

प्रश्न : सासूबाई ८२ वर्षांच्या. स्वयंपाकघरात लुडबुड करणाऱ्या, पेपर वाचणाऱ्या. गेल्या चार दिवसांत एकदम बदलल्या. रात्री वातात बडबडल्यासारखं बोलतात, माहेरी जायचंय म्हणतात, सकाळी पुन्हा बऱ्या. हा स्मृतिभ्रंश सुरू झाला का? एखादी झोपेची गोळी चालेल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गोळी देऊ नका आणि आजच डॉक्टरांकडे न्या. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढतो. चार दिवसांत, कमी-जास्त होत आलेला गोंधळ म्हणजे बहुतेक वेळा शरीरात दुसरं काहीतरी बिघडलं आहे. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. तुम्ही वापरलेला ‘वातात बडबडणं’ हा शब्द अगदी नेमका आहे. कारण सापडलं आणि उपचार झाले तर तो बऱ्याचदा जातो, पूर्ववत व्हायला काही दिवस किंवा आठवडे लागतात.

या वयात मूत्रमार्गाचा संसर्ग जळजळ किंवा ताप न येताही होतो आणि पहिली खूण डोक्यात दिसते. न्यूमोनिया, तुंबलेली लघवी, साचलेलं शौच, साखर कमी होणं हीदेखील कारणं असतात. आपल्याकडे हमखास निसटणारं कारण म्हणजे रक्तातलं सोडियम उतरणं. ते १३५ ते १४५ असायला हवं. रक्तदाबाच्या गोळीत थायाझाइड प्रकारचं लघवी वाढवणारं औषध असेल आणि त्यात उलट्या-जुलाब झाले किंवा खाणं कमी झालं, तर ते खाली येतं. मीठ कमी खा, असा सल्ला पाळणाऱ्यांत तर अधिकच. नवीन सुरू केलेलं औषधही तपासा. सर्दीच्या साध्या गोळीत, खोकल्याच्या औषधात, लघवी रोखण्याच्या गोळीत म्हाताऱ्या मेंदूला गुंगवणारे घटक असतात. आणि गेल्या दोन महिन्यांत त्या कुठे पडल्या-धडपडल्या होत्या का, हे आठवा. किरकोळ वाटलेल्या माराने मेंदूभोवती हळूहळू रक्त साचू शकतं, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विशेष.

जाताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि दुकानातून परस्पर आणलेलीही. डॉक्टरांना ‘आई विसरतात’ असं सांगू नका. ‘गुरुवारपर्यंत स्वतः आंघोळ करत होत्या, शुक्रवार रात्रीपासून असं आहे’ असं दिवसानिशी सांगा. घरी एक साधी चाचणी करता येते. आठवड्याचे वार शनिवारपासून उलटे म्हणायला सांगा. मध्येच सूत्र हरवत असेल तर लक्ष टिकत नाही, ही डिलिरियमची खूण. दुसरा प्रकार शांत असतो. माणूस बडबडत नाही, नुसता झोपून राहतो, जेवत नाही. घरचे म्हणतात, बरं झालं, आज निवांत आहेत. तो जास्त धोक्याचा, कारण त्याकडे लक्षच जात नाही.

तोवर घरी चष्मा आणि कानाचं यंत्र लावून ठेवा, दिवसा खिडक्या उघड्या, रात्री मंद दिवा. बांधून ठेवू नका. ‘माहेर कुठे आता, आई-वडील कधीच गेले’ असं समजावू नका, त्यांना ती बातमी दर वेळी नव्याने बसते. ‘माहेरी कोण कोण होतं?’ असं विचारा, हात धरून घरातल्या घरात एक चक्कर मारून आणा.

प्रश्न : वडील अंथरुणावर आहेत. आठ दिवस शौचाला झाली नव्हती, आता तीन दिवस सतत पातळ गळतंय. इसबगोल चालू होतं. जुलाब थांबायची गोळी दिली तरी थांबत नाही. — एक वाचक, अमरावती

उत्तर : गोळी लगेच बंद करा. हे जुलाब नसण्याची दाट शक्यता आहे. गुदद्वाराशी कडक खडा अडकलेला असतो आणि वरचं पातळ शौच त्याच्या कडेने पाझरत राहतं. थांबवायची गोळी दिली की खडा आणखी घट्ट होतो. डॉक्टर बोटाने तपासून खात्री करतात आणि एनिमाने किंवा हाताने तो काढतात. पोट फुगलं असेल, उलटी होत असेल किंवा लघवी थांबली असेल तर उद्यावर टाकू नका.

इसबगोलला भरपूर पाणी आणि हालचाल लागते. पडून असलेल्या, दिवसाला तीन-चार पेले पाणी पिणाऱ्या माणसाच्या आतड्यात ते लगद्यासारखं बसून राहतं. त्याऐवजी काय द्यायचं हे डॉक्टर सांगतील. लोह, कॅल्शियम आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर त्यांना आठवणीने सांगा, तिन्ही बद्धकोष्ठ करतात. मोकळं झाल्यावर रोज नाश्त्यानंतर २०-३० मिनिटांनी कमोडच्या खुर्चीवर बसवा, पायांखाली पाट. त्या वेळी आतड्याची हालचाल आपोआप वाढते. बेडपॅनवर झोपून जोर लावता येत नाही.

प्रश्न : ह्यांचं वजन ८०, माझं ४८. डावी बाजू अधू आहे. पलंगावरून खुर्चीत घेताना मी काखेत हात घालून उचलते. माझी कंबर गेली आणि आता त्यांचा डावा खांदाही दुखतो. — एक वाचक, चिपळूण

उत्तर : खांदा त्या उचलण्यानेच दुखत असणार. अधू बाजूचे स्नायू सैल पडले की खांद्याचा गोळा खोबणीतून खाली उतरतो, आणि काखेतून किंवा हाताला धरून ओढलं की सांधा आणखी ताणला जातो. डावा हात कधीच ओढू नका. बसलेले असताना तो हात उशीवर टेकवलेला ठेवा.

तुम्ही त्यांना उचलायचं नाहीच. त्यांनी उजव्या पायावर उभं राहायचं आणि तुम्ही तोल सांभाळायचा. चाकांची खुर्ची त्यांच्या उजव्या हाताला, पलंगाला किंचित तिरकी. ब्रेक लावलेले, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला. पलंगाची उंची त्यांच्या गुडघ्याएवढी असू द्या, कमी असेल तर पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे. कडेवर बसवून दोन-तीन मिनिटं थांबा, पडून असलेल्या माणसाचा रक्तदाब उठताना उतरतो. पायांत मागे पट्टा असलेल्या चपला, मोजे नकोत. पावलं खांद्याएवढी फाकलेली आणि गुडघ्यांच्या जरा मागे. कमरेला रुंद पट्टा बांधा. ट्रान्सफर बेल्ट या नावाने सर्जिकलच्या दुकानात मिळतो. तुम्ही समोर, तुमचे गुडघे वाकलेले, पाठ सरळ, तुमच्या गुडघ्याने त्यांच्या डाव्या गुडघ्याला टेकू. पट्टा दोन्ही बाजूंनी धरा. एक, दोन, तीन. ‘नाक पायाच्या बोटांच्या पुढे’ असं सांगा. माणूस सरळ वर उठू शकत नाही, आधी पुढे झुकावं लागतं. उभे राहिले की छोटी पावलं टाकत वळा. खुर्ची मांडीमागे लागल्यावरच त्यांनी उजव्या हाताने खुर्चीचा दांडा धरून बसायचं.

उजव्या पायावरही भार घेता येत नसेल तर हे एकटीने करू नका. दोन माणसं लागतील, नाहीतर उचलायचं यंत्र भाड्याने घ्या. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलावून तुमच्याच पलंगावर, तुमच्याच खुर्चीत ही क्रिया करून दाखवायला सांगा.

प्रश्न : आईला स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचं निदान झालंय. वडिलांचा (८१) हात थरथरतो, सही जुळत नाही म्हणून बँक पैसे देत नाही. भाऊ न्यू जर्सीला. तो म्हणतो, दोघांकडून कुलमुखत्यारपत्र करून घेऊ म्हणजे प्रश्न मिटला. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वडिलांच्या बाबतीत ते उपयोगी पडेल. आईच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं की मुखत्यारी संपते. ज्या दिवसासाठी तुम्ही ते करता, त्याच दिवशी ते निरुपयोगी होतं. पुढे आईच्या नावावरची मालमत्ता हाताळायची वेळ आली तर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने असे आदेश दिले आहेत, पण वेळ आणि खर्च दोन्ही लागतात.

म्हणून आईला समजतंय तोवर या महिन्यातच कामं उरका. तिची खाती आणि ठेवी वडिलांबरोबर, शक्य तर तुमच्याबरोबरही संयुक्त करा आणि व्यवहाराची पद्धत ‘खातेदारांपैकी कोणीही किंवा हयात’ अशी लिहून घ्या. ‘प्रथम खातेदार किंवा हयात’ असं असेल तर पहिल्याच्या हयातीत दुसऱ्याला पैसे काढता येत नाहीत. सगळीकडे नामांकन तपासा. मृत्युपत्र करायचं असेल तर आत्ता. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. पण निदान झालेलं असल्यामुळे त्याच दिवसाचं, तिला व्यवहार समजतो असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडाच. शेवटच्या आजारात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, ही तिची इच्छाही (लिव्हिंग विल) लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालात २०२३ मध्ये झालेल्या बदलानुसार दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत.

घाईने घर मुलांच्या नावावर करून टाकू नका. महाराष्ट्रात नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना राहतं घर बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे, त्यामुळे मोह होतो. करायचंच असेल तर ‘आई-वडिलांचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द बक्षीसपत्रात हवेतच. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा, २००७ च्या कलम २३ खाली ते रद्द करून घेण्याचा आधार ती अट असते.

वडिलांच्या सहीसाठी बँकेत भांडायची गरज नाही. आजारी, वृद्ध खातेदाराचा अंगठा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी. रिझर्व्ह बँकेचीच ही सूचना आहे. शाखेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ७० वर्षांवरच्या खातेदारांना घरपोच बँकिंगही मागता येतं. हयातीचा दाखला फोनवर चेहरा दाखवून निघतो, पोस्टमनही घरी येऊन काढून देतो. ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना हे सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड मिळतं. दोघांचंही काढून ठेवा.

प्रश्न : ब्यूरोतून २४ तासांच्या मावशी ठेवल्या, तरी रात्री मलाच उठावं लागतं. दोन दीर दुसऱ्या गावी आहेत, फोनवर सूचना करतात. कामाची वाटणी कशी करावी? — एक वाचक, पुणे

उत्तर : २४ तासांच्या मावशींनाही सलग सात-आठ तास झोप लागते. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची असेल तर ते एका माणसाचं काम नाही. त्याच पैशात थोडी भर घालून १२ तासांची रात्रपाळी घ्या आणि दिवस घरच्यांनी वाटून घ्या, हे बहुतेक घरांत जास्त चालतं. ठेवतानाच कामं लिहून द्या. कूस, तोंड धुणं, डायपर, भरवणं, रुग्णाचे कपडे हे त्यांच्याकडे. घरच्यांची धुणीभांडी नाही. नाकातली नळी घालणं, इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग हे शिकलेल्या नर्सचंच काम, मावशींनी ‘मला येतं’ म्हटलं तरी. आठवड्याची सुट्टी आणि त्या दिवशी बदली कोण, हे ब्यूरोकडून आधी ठरवून घ्या. आधारची प्रत आणि पोलीस पडताळणी मागा, त्यात संकोच नको.

पलंगाशी एक दोनशे पानी वही बांधून ठेवा. वेळ, काय आणि किती खाल्लं, पाणी, लघवी, शौच, गोळ्या, कूस, कातडी. पाळी बदलताना दोघींनी मिळून पाठ आणि टाचा बघायच्या आणि मगच सही करायची. डाग कधी पडला यावरून होणारे वाद त्यामुळे टळतात.

दिरांना ‘मदत करा’ असं सांगून काही होत नाही, नावानिशी काम द्या. गावाहूनही करता येईल असं पुष्कळ आहे : औषधं मागवणं, विम्याचे दावे, डॉक्टरांच्या वेळा, ब्यूरोचा हिशोब, पेन्शनची कागदपत्रं. एकाकडे कागद, दुसऱ्याकडे औषधं. वहीच्या पानाचा फोटो रोज रात्री नऊला दोघांना पाठवा, म्हणजे सूचना माहितीवर होतील. शिवाय दोघांनी मिळून महिन्यातले चार दिवस इथे येऊन राहायचं. तारखा तीन महिन्यांच्या आधीच कॅलेंडरवर लिहा. पहिल्या खेपेला तुम्ही अर्धा दिवस बरोबर राहून कूस बदलणं, भरवणं आणि वही भरणं त्यांच्या हातून करून घ्या. उरलेले साडेतीन दिवस घराबाहेर झोपा, बहिणीकडे किंवा मैत्रिणीकडे. त्याच घरात राहिलात तर हाक तुम्हालाच येईल.